सर्व्हरचं बिल आणि विहिरीची पाळी

आजचा विषय पैशांचा आहे, आणि तोही बिलाच्या पैशांचा. तेव्हा ज्यांना रविवारी सकाळी पोह्यांबरोबर बिल नको असेल त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

मी पुण्यात एका होस्टिंग कंपनीत नोकरी करतो. लोकांना सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी. त्यातही माझं काम मीटरिंगचं. म्हणजे कुठल्या ग्राहकाने किती सीपीयू, किती मेमरी, किती डेटा वापरला ते मोजायचं आणि बिल बनवणाऱ्या प्रोग्रामकडे पाठवायचं. घरी हे अजून कुणाला नीट समजलेलं नाही. आई शेजारच्या काकूंना "तो मीटर रीडिंग घेतो" असं सांगते, आणि खरं सांगायचं तर माझ्या व्हिजिटिंग कार्डवरच्या पदापेक्षा ते जास्त अचूक आहे.

तर मत आधी सांगून टाकतो, मग कारणं. एकाच यंत्रावर अनेक ग्राहक असतील तर पैसे वापर मोजूनच घ्यायला हवेत. ठोक दर दिसायला गोड, पण तो शेवटी कुणाच्या तरी अंगावर जातोच. मात्र ज्याला मीटर लावला त्याला "इतक्याच्या पुढे नको" असं सांगायची सोयही दिली पाहिजे. आज मोठ्या क्लाऊडवर पैसे भरणाऱ्या साध्या ग्राहकाला ती सहजासहजी मिळत नाही. याचा त्रास बँका आणि मोठ्या कंपन्यांना फारसा होत नाही, त्यांच्याकडे बिल वाचायला माणसं असतात. त्रास होतो तो अंजनगावसारख्या गावात बसून काहीतरी धडपड करणाऱ्या पोराला.

अंजनगाव म्हणजे अंजनगाव सुर्जी, जिल्हा अमरावती. माझं आजोळ. पानमळे आणि पानपिंपरीचं गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते सुर्जी-अंजनगावच्या तहामुळे आलंय. ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी इथे तह केला आणि दिल्ली-आग्रा, दोआब, भडोच, अहमदनगर सगळं हातचं गेलं. थोडक्यात, अंदाजापेक्षा मोठं बिल येण्याची परंपरा गावाला जुनीच आहे. असो.

आता एक गोष्ट स्पष्ट करू. यंत्र वाटून वापरायची कल्पना क्लाऊडवाल्यांनी शोधलेली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० नावाचा संगणक आला, तेव्हा देशभरातल्या संस्था आपापली कामं घेऊन तिथे रांगेत उभ्या असायच्या. १९६८ ला सुरू झालेली टीसीएस सुरुवातीला टाटांच्याच कंपन्यांसाठी पंच कार्डांची कामं करायची. यंत्र इतकं महाग की एकट्याने घेणं परवडायचं नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून वापरायचं. २००६ मध्ये अॅमेझॉनने फक्त एवढं केलं, की हीच सोय क्रेडिट कार्ड असलेल्या कुणालाही देऊ केली. साठवणुकीला महिन्याला एका जीबीमागे १५ सेंट, मशीनला तासाला १० सेंट. त्यातही एक तास आणि एक मिनिट वापरलंत तर दोन तासांचे पैसे. आपल्या सायबर कॅफेसारखंच, दहा मिनिटं बसलं तरी अर्ध्या तासाचे. हे सेकंदावर यायला २०१७ उजाडलं.

म्हणजे मुद्दा जुना आहे : एक वस्तू, अनेक वापरणारे, पैसे कसे वाटायचे? आणि या प्रश्नावर आपल्या गावांत संगणक यायच्या कितीतरी आधी डोकेफोड झालेली आहे. (कधी कधी शब्दशः!)

मामाची विहीर तिघांत सामाईक आहे. सातबाऱ्यावर तशी नोंद असते, अमक्याचा चार आणे हिस्सा, तमक्याचा आठ आणे. मामाचे चार आणे. रुपयाचे सोळा आणे धरले तर दिवसाच्या चोवीस तासांपैकी सहा तास त्याची पाळी. पानवेलीला थोडं थोडं पण वरचेवर पाणी लागतं, त्यामुळे पाळी चुकली की घरात वातावरण तापतं. हिशेब किती सोपा बघा. मीटर नाही, बिल नाही, घड्याळ बघायचं आणि मोटर चालू करायची.

पण यात एक गोम आहे. पाळी तासांची ठरलेली आहे, पाण्याची नाही. शेतीच्या फीडरला वर्षानुवर्षं थ्री फेज वीज आलटून पालटून दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास अशी मिळायची. ज्याच्या पाळीत लाइट नाही त्याचे सहा तास कागदावर. शिवाय उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की आधी उपसणाऱ्याला पाणी आणि नंतरच्याला चिखल. तास दोघांचे सारखेच.

सर्व्हरचं अगदी हेच होतं. आम्ही ग्राहकाला "व्हीसीपीयू" विकतो. हा व्हीसीपीयू म्हणजे खऱ्या प्रोसेसरवरची पाळी. शेजारच्या ग्राहकाने जोरात उपसा चालवला तर तुमच्या पाळीत तुम्हाला थांबून राहावं लागतं. लिनक्सवर 'टॉप' ही कमांड चालवली की वरच्या ओळीत 'एसटी' नावाचा एक आकडा दिसतो. (आपली लालपरी नव्हे, जरी वाट दोन्हींची बघावी लागते.) हा 'स्टील टाइम', म्हणजे तुम्हाला काम होतं पण प्रोसेसर दुसऱ्याला दिलेला होता तो वेळ. तो आकडा वर गेला तरी तासाचं बिल तेवढंच येतं. तास मोजले, पाणी मोजलं नाही.

अॅमेझॉनने २०१४ मध्ये टी२ मालिका आणली तेव्हा पाळी उघडपणे दरपत्रकात आली. त्यातल्या मायक्रो मशीनला तासाला सहा क्रेडिट मिळतात आणि एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण प्रोसेसर. म्हणजे साठ मिनिटांत हक्काची सहा मिनिटं. वापरली नाहीत तर एका मर्यादेपर्यंत साठतात. मला हा प्रकार मनापासून आवडला होता, कारण तो प्रामाणिक आहे. क्रेडिट संपले की मशीन मंद होतं, बिल वाढत नाही. पुढे २०१८ मध्ये टी३ आली आणि तिच्यात 'अनलिमिटेड' हा पर्याय आधीपासूनच चालू ठेवलेला असतो. म्हणजे क्रेडिट संपले तरी मशीन धावत राहतं आणि जादाचे पैसे लागतात. फरक छोटा वाटतो, पण सगळी गोष्ट त्यातच आहे. आधी चुकलं तर वेळ जायचा. आता चुकलं तर पैसे जातात.

मग काही जण म्हणतील, कशाला ही मोजामोजी? ठोक दर ठेवा, महिन्याला इतके आणि वापरा हवं तेवढं. ठोक दराचा सर्वांत मोठा प्रयोग आपल्या राज्यातच झालाय : शेतीपंप. १९७० च्या दशकात वीज मंडळाने पंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर पैसे लावले. रानोमाळ फिरून रीडिंग घेण्यापेक्षा हे सोपं होतं, आणि तेव्हा ते शहाणपणाचंही वाटलं असेल. पुढे काय झालं? पाचचा पंप कागदावर तीनचा झाला. मोटरला ऑटो स्विच बसले, लाइट आली की मोटर आपोआप सुरू, पाणी लागो न लागो. आणि मुख्य म्हणजे कुणी किती वीज वापरली हे कुणालाच माहीत नाही असं झालं. बिनमीटरच्या पंपांचा वापर अंदाजाने धरायचा, आणि त्या अंदाजात गळती आणि चोरी खपवली जाते, हा आक्षेप पुण्याच्या प्रयाससारख्या संस्था वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षं मांडत आल्या आहेत. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला सवलत द्यावी की नाही हा आजचा विषय नाही, आणि माझं मत विचाराल तर द्यावी. पण सवलतसुद्धा मोजून देता येते. न मोजता दिली की ती नेमकी कुणाला पोचली हे देवालाच ठाऊक.

सर्व्हरच्या धंद्यातले ठोक दर म्हणजे 'अनलिमिटेड होस्टिंग'. जाहिरातीत जागा अमर्याद, डेटा अमर्याद. अटींच्या तेराव्या पानावर मात्र 'वाजवी वापर' नावाचा परिच्छेद असतो. तुमची साइट खरोखर चालायला लागली की एक ईमेल येतं, तुमच्यामुळे इतरांना त्रास होतोय, वरचा प्लॅन घ्या. वाजवी म्हणजे किती हे सांगत नाहीत. जो कमी वापरतो तो जास्त वापरणाऱ्याचे पैसे भरतो, आणि जास्त वापरणाऱ्याला एक दिवस बाहेर काढतात. त्यामुळे ठोक दराच्या बाजूने मी नाही.

मीटर असावा, पण कसा? याचंही उत्तर महाराष्ट्रात सापडतं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्यावर ओझरला समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९१ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे अशा संस्थांसाठी राज्याने २००५ मध्ये कायदा केला. पद्धत अशी : सरकारने संस्थेच्या दारात पाणी घनमापाने मोजून द्यायचं आणि तेवढ्याचे पैसे घ्यायचे. आत कुणाला किती, कुठल्या पाळीने, हे संस्थेने बघायचं. आणि धरणात किती पाणी आहे ते बघून हंगामाचा कोटा आधी कळतो. म्हणजे पेरायच्या आधी शेतकऱ्याला माहीत असतं, आपल्या वाट्याला जास्तीत जास्त किती येणार आणि त्याचे किती पडणार. त्याप्रमाणे तो पीक ठरवतो.

माप स्पष्ट, दर स्पष्ट, आणि मर्यादा आधीच ठरलेली. या तीनपैकी क्लाऊडवर पहिल्या दोन गोष्टी कशाबशा मिळतात. तिसरीचं काय होतं ते आता सांगतो.

माझा मामेभाऊ अंजनगावात राहतो. अंजनगाव, दर्यापूर, अचलपूर इथल्या क्लासवाल्यांसाठी त्याने सीईटीच्या सराव परीक्षांची साइट बनवली आहे. चारेकशे मुलं. एका कंपनीकडून (आमच्या नव्हे, नाव घेत नाही) सर्व्हर घेतलेला, महिन्याचं बिल २,४०० च्या आसपास. एका महिन्यात बिल आलं ३४,००० च्या वर. त्याचा फोन आला.

"दादा, माह्या बिलात काईतरी घोळ हाय."

घोळ नव्हता, हाच खरा घोळ होता. साइटवर गणिताचा एक व्हिडिओ होता, ४० एमबीचा. कुठल्यातरी बॉटने, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामने, तो दीड दिवसात ७५,००० वेळा उतरवून घेतला. तुम्हीच गुणाकार करा, ३,००० जीबी होतात. बाहेर जाणाऱ्या डेटाचा दर जीबीला ९ रुपये, म्हणजे २७,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ४,८६०. आकडा न् आकडा बरोबर. मीटरने आपलं काम चोख केलं होतं. त्याने ३,००० रुपयांचा इशाराही लावून ठेवला होता. इशाऱ्याचं ईमेल आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, तोवर वीस हजार होऊन गेले होते.

मामा शेजारीच बसला होता, तो फोन हातात घेऊन म्हणाला, "अबे मंग बटन बंद कराचं होतं ना!" मी म्हटलं, मामा, त्याला बटनच नसतं. "एवढी मोठी मशीन अन् बटनच नाही? आमच्या मोटरले बी स्टार्टर असते बे." यावर माझ्यासारख्या मीटरवाल्याकडे उत्तर नव्हतं.

बरीच पत्रापत्री झाल्यावर कंपनीने निम्मं बिल 'सद्भावना म्हणून' माफ केलं. बरं केलं. पण सद्भावनेला दरपत्रकात कॉलम नसतो. उद्या सपोर्टवर दुसरा माणूस असला की ती मिळेलच असं नाही. आणि ज्याला इंग्रजीत चार ईमेल लिहिता येत नाहीत त्याने काय करायचं?

हे एकट्या त्याच्याच बाबतीत घडतं असंही नाही. २०२४ मध्ये एका अभियंत्याला अॅमेझॉनच्या साठवणूक सेवेचं १,३०० डॉलरच्या वर बिल आलं, तेही रिकाम्या बकेटचं. बकेटचं नाव योगायोगाने असं निघालं की जगभरातले भलतेच प्रोग्राम तिच्यात डेटा टाकायला बघत होते. एका दिवसात दहा कोटींच्या आसपास विनंत्या आल्या. सगळ्या नाकारल्या गेल्या, पण नाकारलेल्या विनंतीचेही पैसे मालकालाच. म्हणजे दुसऱ्याने तुमच्या तारेवर आकडा टाकायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि प्रयत्नाचं बिल तुम्हाला. बोभाटा झाल्यावर अॅमेझॉनने त्याच मे महिन्यात हा नियम बदलला आणि अशा विनंत्यांचे पैसे घेणं थांबवलं. बोभाटा झाल्यावर, हे लक्षात घ्या.

आता आमच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर सोमवारी ऑफिसात चहा मिळायचा नाही. मर्यादा घालणं खरोखर अवघड आहे. प्रत्येक मशीन दर मिनिटाला वापराची नोंद पाठवतं. नेटवर्क तुटलं तर ती उशिरा येते, किंवा तीच दोनदा येते. दोनदा मोजली तर ग्राहकाची लूट, सोडली तर कंपनीचं नुकसान. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक देऊन, थोडं थांबून, बेरीज करून मग दर लावायचा. मोठ्या क्लाऊडवर खर्चाचे आकडे दिवसातून जेमतेम दोन-तीनदा ताजे होतात. मीटरच उशिरा बोलतो, तर बटन वेळेवर कसं दाबणार?

मान्य. पण मग आपला मोबाइल बघा. या देशातले बहुतेक मोबाइल प्रीपेड आहेत. दिवसाचा दीड जीबी संपत आला की मेसेज येतो, आणि संपला की वेग पडतो किंवा नेट बंद होतं. कोट्यवधी ग्राहकांसाठी हे रोज, त्याच क्षणी होतं. म्हणजे वापरता वापरता मोजणं आणि थांबवणं माणसाला जमलेलं आहे.

आणि त्याहून मजेची गोष्ट. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये खर्चाची मर्यादा आहे, पण ती फुकटच्या क्रेडिटवर चालणाऱ्या खात्यांना. वापराप्रमाणे पैसे भरणाऱ्या खात्याला ती मिळत नाही. अॅमेझॉनने जुलै २०२५ मध्ये नवीन खात्यांसाठी मोफत प्लॅन आणला, त्यात क्रेडिट संपले की खातं बंद होतं. बघा, जिथे नुकसान कंपनीचं होणार तिथे बटन आहे. जिथे ग्राहकाचं होणार तिथे ईमेल आहे. मग तांत्रिक अडचणीचं कारण मी किती गंभीरपणे घ्यायचं?

यावर नेहमीचा आक्षेप असा : मर्यादा लागली आणि नेमकी परीक्षेच्या दिवशी साइट बंद पडली तर? चारशे मुलं बोंब मारतील, तेव्हा ग्राहकच म्हणेल की पैसे घ्या पण चालू करा. आक्षेप खरा आहे. म्हणूनच मर्यादा सक्तीची नको, ग्राहकाच्या हातात हवी. ज्याच्या साइटवर दिवसाला लाखोंची उलाढाल आहे तो मर्यादा लावणार नाही, नको लावू दे. पण महिन्याला अडीच हजार भरणाऱ्याला दिवसभर साइट बंद राहिलेली चालेल, चौतीस हजार चालणार नाहीत. कुठलं नुकसान सोसवेल हे त्याचं त्याला ठरवू द्या.

दुसरा आक्षेप : बंद करायचं म्हणजे नेमकं काय? डेटा पुसून टाकायचा? अजिबात नाही. गेट बंद करा, विहीर बुजवू नका. साठवलेला डेटा तसाच राहू द्या, त्याचा खर्च संथ आणि आधी कळणारा असतो. भडकतात त्या दोनच गोष्टी, बाहेर जाणारा डेटा आणि आपोआप वाढत जाणारी मशीनं. तेवढ्यांनाच आवर घाला. पूर्ण बंद नको असेल तर मोबाइलसारखा वेग कमी करा. राहिला प्रश्न मीटर तासभर उशिरा बोलण्याचा, तर त्या तासाभराचं नुकसान विक्रेत्याने सोसावं. मीटर त्याचा आहे. उशीर त्याच्या खिशातून जायला लागला की मीटर कसा पटापट बोलायला लागतो ते बघा. हे मी त्या मीटरवर काम करणारा माणूस म्हणून सांगतोय.

हे सगळं आजच का, तर यंत्र भाड्याने घेणारे आता वाढतच जाणार आहेत. इंडिया एआय मोहिमेत सरकारने जानेवारी २०२५ मध्ये १८,६९३ जीपीयू उपलब्ध करून द्यायचं जाहीर केलं, सवलत धरून तासाला १०० रुपयांच्या आत. अमरावतीच्या कॉलेजातल्या मुलालाही हा दर समजतो, हे फार चांगलं आहे. त्याने महिन्याला दोन हजार बाजूला काढले असतील तर दोन हजारांवर काम थांबेल, एवढी खात्री त्याला मिळाली की तो हात घालेल. नाहीतर घरचे म्हणतील, नको बाबा, त्या अमक्याच्या पोराला चौतीस हजार आले होते. गावात अशी एक गोष्ट पसरायला एक दिवस लागतो आणि पुसायला दहा वर्षं. मामेभावाने साइट अजून चालू ठेवली आहे, पण व्हिडिओ सगळे काढून टाकले. मुलांना आता फक्त उत्तरांची पीडीएफ मिळते.

तेव्हा कुठलाही सर्व्हर घेताना दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारा : माझं बिल जास्तीत जास्त किती येऊ शकतं? समोरच्याने आकडा सांगितला तर पुढे बोला. "ते तुमच्या वापरावर आहे सर" असं म्हणाला, तर त्याच्या मशीनला स्टार्टर आहे का, तेवढं विचारून घ्या.